लाडूचं ताट



आजचा लेखही स्वयंपाकघरातलाच आहे, पण जेवणारा माणूस नाही. त्याचं नाव लाडू. तो हॅमस्टर आहे. ज्यांनी हा प्राणी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. दिसायला उंदराच्या भावकीतला, पण शेपूट नावापुरतं. सोनेरी-पांढरी मऊ लव, काळ्या मण्यांसारखे डोळे आणि दोन्ही गालांत दोन पिशव्या.

तो आमच्याकडे आला नातवामुळे. गेल्या वर्षी मे महिन्यात मुलाची दीड वर्षासाठी जर्मनीला बदली झाली. लाडूला विमानातून नेण्याचा खटाटोप त्यांना झेपणारा नव्हता. नातू दहा वर्षांचा. पुण्याहून सांगलीपर्यंत पिंजरा मांडीवर घेऊन आला आणि निघताना मला म्हणाला, "आज्जी, तू सगळ्यांना पोटभर जेवायला घालतेस ना, तसंच याला पण घाल."

मी हसले. चाळीस वर्षं घर जेवू घातलंय, मुठीएवढ्या जिवाचं काय एवढं, असं वाटलं. तिथेच माझी चूक झाली.

पहिली अडचण वेळेची. सकाळी अभिषेक करून आले की आधी लाडूची वाटी भरायची, असं मी ठरवलं होतं. पण हा गठुळं करून झोपलेला. दुपारीही झोपलेला. आजारी आहे की काय म्हणून मी त्याला बोटाने हलवलं, तर कडकडून चावला! नातवाला फोन केल्यावर कळलं की हा निशाचर आहे, दिवे लागल्यावर उठतो आणि रात्रभर खातो. आमचे हे म्हणाले, "या घरात रात्री जेवणारा हा पहिलाच." आमच्याकडे सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा घेत नाहीत. मग मी मार्ग काढला. आमचं जेवण आटोपलं की दिवस मावळायच्या आत त्याची वाटी भरून ठेवायची. तो कधी खातो ते त्याच्याकडे. माझा नियम माझ्यापाशी, त्याचा जन्मस्वभाव त्याच्यापाशी.

दुसरी अडचण माझ्या प्रेमाची. त्याच्यासोबत पेलेटचं एक पाकीट आलं होतं. पेलेट म्हणजे सगळं दळून, दाबून केलेल्या कडक गोळ्या. लाडू त्यांना हुंगायचा आणि बाजूला सारायचा. पण शेंगदाणा दिला की दोन्ही हातांत धरून असा खायचा की बघत राहावं. सूर्यफुलाच्या बिया तर त्याहून आवडीच्या. मग मी तेच घालू लागले. शिवाय भाकरीचा तुकडा, काकडीची फोड, कधी सफरचंद. सकाळी वाटी रिकामी दिसली की मनाला बरं वाटायचं आणि संध्याकाळी थोडं जास्तच घालायची.

जुलैत पावसाची झड लागली आणि पिंजऱ्यातून कुबट वास यायला लागला. मी तोवर वरवरचे कागदाचे कपटेच बदलत होते. त्या दिवशी तळ उपसला. कोपऱ्यात, त्याच्या झोपायच्या जागेखाली, कोठारच निघालं! शेंगदाणे, मूठभर सूर्यफुलाच्या बिया, भाकरीचे वाळके तुकडे आणि काकडीच्या फोडी. फोडींवर बुरशी होती, आणि त्यात बारीक अळ्या वळवळत होत्या.

मी बी.कॉम. आहे, १९८१ सालची. आरंभीची शिल्लक अधिक खरेदी, वजा अखेरची शिल्लक, म्हणजे खप. हे पहिल्या वर्षाला शिकवतात. मी नुसती खरेदी लिहीत होते आणि गोदामातली शिल्लक कधी मोजलीच नव्हती. वाटी रिकामी म्हणजे पोट भरलं, असं नव्हतं. हॅमस्टर अन्न गालात भरून नेतो आणि साठवतो. पुढे नातवाने तिकडून सांगितलं की जर्मन भाषेत साठेबाजी करण्याला 'हॅमस्टर्न' असंच म्हणतात.

पण हिशोबापेक्षा त्या अळ्या माझ्या मनातून जाईनात. माझ्या लाडापायी तिथे जीव उत्पन्न झाले होते आणि सफाईत ते मरणार होते. जमेल तेवढं अलगद उचलून परसात ठेवलं. त्या रात्री आलोचना पाठ म्हणताना आवाज नीट निघेना.

पर्युषणानंतर लाडू जरा सुस्त वाटला म्हणून प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. आला तेव्हा त्याचं वजन १४२ ग्रॅम होतं, आता १७१ भरलं. डॉक्टरांनी मी काय काय घालते ते विचारलं आणि मान हलवली. "काकू, शेंगदाणा आणि सूर्यफुलाची बी, दोन्हींत जवळजवळ निम्मी चरबी. कॅल्शियम अगदी कमी. तुम्ही याला रोज पेढ्यांवर ठेवलंय." मग पुढे म्हणाले, "आणि हा निव्वळ शाकाहारी नाही. रानात बियांबरोबर किडेही खातो. वाळवलेल्या अळ्या मिळतात डबीत, त्या आठवड्यातून एकदोनदा द्या. नाहीतर उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग."

मी काहीच बोलले नाही. रिक्षात पिंजरा मांडीवर धरून बसले होते. ज्या अळ्यांसाठी दोन महिन्यांपूर्वी जीव कळवळला, त्याच आता डबीतून विकत आणायच्या?

घरी हे म्हणाले, "त्याचा निसर्ग आहे तो. तो खाईल, त्यात तुझं काय?" मी म्हटलं, रानात त्याने पकडून खाल्लं तर ते त्याचं. पण डबी मी आणणार, मी उघडणार, मी वाटीत घालणार. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि त्याला अनुमोदन देणं, तिन्ही सारखंच, असं आपण लहानपणापासून ऐकतो.

पण दुसरी बाजूही झोपू देईना. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. जनावराला बांधून ठेवणं, मारणं, त्याचे अवयव कापणं, झेपणार नाही एवढं ओझं लादणं आणि त्याचं अन्नपाणी तोडणं. हे शेवटचं मी नेहमी 'उपाशी ठेवणं' एवढ्याच अर्थाने घेतलं होतं. आता वाटलं, वाटी शिगोशीग भरलेली आहे पण शरीराला लागतं ते तिच्यात नाही, तर तोही निरोधच नाही का? व्रत माझं, मग त्याची किंमत लाडूने का भरायची?

स्वाध्यायाला आमच्यात एक वडीलधाऱ्या ताई आहेत. त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "तू त्याला आणलं नाहीस, पण ठेवून घेतलंस, तेव्हा जबाबदारी तुझी. आधी पुरती चौकशी कर. अर्धवट माहितीवर ना हिंसा कर, ना अहिंसेचा अभिमान धर."

मग मी वही घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे गेले आणि सरळ विचारलं, "अळ्यांतून त्याला जे मिळतं ते दुसऱ्या कशातून मिळेल का?" ते हसले. म्हणाले, "मिळेल की. त्याला अळीच हवी असं नाही, प्रथिनं हवीत. चांगल्या पेलेटमध्ये ती पुरेशी असतात. पण तुमचा लाडू पेलेट सोडून मिठाई खातो, तिथे गोम आहे. बिया कमी करा, म्हणजे पेलेट खाईल. जोडीला थोडं पनीर, शिजवलेली डाळ द्या. आणि दर आठवड्याला वजन करा." म्हणजे जमा कुठल्या खात्यातून येते याला महत्त्व नव्हतं, ती यायला हवी होती.

घरी येऊन पेलेटचं पाकीट चष्मा लावून वाचलं, ताळेबंद वाचावा तसं. प्रथिनं १८ टक्के, स्निग्ध पदार्थ ५ टक्के. छान. खाली बारीक अक्षरांत घटकांची यादी होती. गहू, मका, सोयाबीन आणि माशाची पूड! चार महिने ती माझ्या कपाटात, धान्याच्या डब्यांशेजारी होती. मी अळ्यांवर रात्र जागवली आणि मासा घरातच होता. ते पाकीट डॉक्टरांना नेऊन दिलं. त्याचं काय करायचं ते त्यांनी ठरवावं, एवढंच मला सुचलं. मग चार-पाच पाकिटांमागच्या याद्या वाचून नुसत्या धान्य-सोयाबीनचं, तेवढ्याच प्रथिनांचं पाकीट शोधलं आणि डॉक्टरांना दाखवूनच घेतलं.

आता लाडूचं ताट सांगते, कोणाला उपयोगी पडेल म्हणून. हे त्याच्या जातीच्या मोठ्या हॅमस्टरचं प्रमाण आहे. अगदी छोट्या जातींना मधुमेह लवकर होतो, त्यांना फळं जवळजवळ नकोतच.

रोज संध्याकाळी १० ग्रॅम पेलेट, वजनकाट्यावर मोजून. ते कडक असल्याने दातही झिजतात. हॅमस्टरचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, त्यामुळे कुरतडायला काहीतरी हवंच. भाजीचा नखाएवढा तुकडा: काकडी, ढबू मिरची किंवा लाल भोपळा. लोक गाजर देतात, पण आमच्या घरात कंदमूळ येत नाही. गाजरातून मिळतं ते अ जीवनसत्त्व लाल भोपळ्यातूनही मिळतं. चातुर्मासात पालेभाजी बंद, एरवी दोन पानं कोथिंबीर. आठवड्यातून दोनदा वाटाण्याएवढं पनीर किंवा बिनमिठाची शिजवलेली मसूर, चार-पाच दाणे. सूर्यफुलाची बी आठवड्यातून दोन, तीही हातातून, ओळख राहावी म्हणून. सफरचंद कधीतरी, बी काढून. पाणी बाटलीत, रोज ताजं.

नको ते: कांदा, लसूण, कच्चा बटाटा, संत्र-लिंबू, चॉकलेट, कच्चा राजमा, टोमॅटोची पानं आणि आपलं खारट, तळलेलं काहीही. कांदा, लसूण आणि बटाटा या यादीत बघून आमचे हे म्हणाले, "म्हणजे निम्मा जैन आहेच की!"

आणि रोज सकाळी कोठाराची तपासणी. कोरडा साठा सगळा काढत नाही. तो त्याचा स्वभाव आहे, सगळं काढलं की घाबरा होतो. पण ओलं काहीही आत राहू देत नाही. अपरिग्रह त्याला शिकवायला निघाले नाही मी. माझ्या हाताने घातलेल्या अन्नात पुन्हा जीव उत्पन्न होऊ नयेत, एवढंच बघते.

पहिले आठ दिवस त्याने पेलेटकडे पाहून तोंड फिरवलं. वजन करताना माझे हात कापायचे. नवव्या रात्री कुरकुर ऐकू आली. अंथरुणातून उठून दारातूनच बघितलं, तर पेलेट हातात होता. चार महिन्यांत वजन १४८वर आलं, लव चमकायला लागली.

मैत्रिणींनो, मनातली एक गोष्ट राहिली. डॉक्टर जर म्हणाले असते की अळ्यांशिवाय हा जगणार नाही, तर? मी खूप विचार केला. मी त्याला अळ्या घातल्या नसत्या आणि झिजूही दिलं नसतं. ज्यांच्या घरात त्याला हवं ते मिळेल अशांकडे दिलं असतं, नातू रुसला असता तरी. मांजराचं तसंच आहे. त्याचं शरीर मांसावरच चालतं. 'आमची मांजर दूधभातावर राहते' हे कौतुकाने सांगणाऱ्यांना मला हेच सांगावंसं वाटतं. प्राणी घरात आणण्याआधी त्याचं ताट बघावं. ते आपल्या स्वयंपाकघरात वाढता येत नसेल, तर तो आणू नये. आपलं व्रत त्याच्यावर लादणं ही दया नव्हे.

पाच अतिचारांतला पहिला, बंध, माझ्याकडून अजूनही होतोच आहे. घरोघरी पाळलेल्या या सोनेरी हॅमस्टरांचं मूळ सीरियातलं. १९३० साली अलेप्पोजवळ एका बिळातून काढलेल्या मादी आणि पिल्लांपासून त्यांचा जवळजवळ सगळा वंश वाढला, असं वाचलं. लाडूला सांगलीत मोकळं सोडणं म्हणजे मांजरांच्या तोंडी देणं. म्हणून मोठा पिंजरा घेतला, चाक बसवलं, उन्हाळ्यात तो घरातल्या सगळ्यांत थंड खोलीत ठेवते. पण याच्यानंतर दुसरा आणायचा नाही, हे नातवाला फोनवर सांगून टाकलं. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बरं आज्जी. पण याला तोपर्यंत पोटभर घाल."

"पोटभर नाही रे," मी म्हटलं, "मापात."

हे प्राणी दोन-तीन वर्षंच जगतात. लाडू आता दोनच्या पुढे गेलाय, चाकावर कमी फिरतो, पेलेट जरा भिजवून द्यावा लागतो. नोव्हेंबरात मंडळी परत येतील, तोवर तो राहावा एवढी इच्छा आहे. आत्ता सव्वासहा झालेत. ऊन कलायच्या आत त्याची वाटी भरते, मग माझं पाणी.

जय जिनेंद्र.