जुनी पायगाडी

जुन्या वस्तूंविषयी मनुष्यास जी ओढ वाटते, तीत वस्तूचा गुण किती आणि आपल्या गेलेल्या वयाविषयीची हळहळ किती, हा हिशेब सहसा कोणी मांडीत नाही. पितळी समया, पाटे-वरवंटे, लाकडी फडताळे ही घरात होती तोवर अडगळ ठरली आणि नाहीशी झाल्यावर त्यांची रत्ने झाली. सायकलीच्या बाबतीत हाच प्रकार अलीकडे दिसू लागला आहे. रॅले, हंबर, बी. एस. ए., फिलिप्स ही नावे, जी आमच्या पिढीने वाड्याच्या जिन्याखाली धूळ खाताना पाहिली, ती आज तरुण मंडळी मोठ्या आदराने उच्चारतात. कोणी त्यासाठी जुना बाजार पालथा घालतो, कोणी खेड्यापाड्यांतून चौकशा करीत हिंडतो, आणि कोणी उपाहारगृहवाला ती विकत घेऊन भिंतीवर टांगतो. हा नाद आम्हांसही आहे. परंतु जुनी सायकल विकत घेणे हा नुसता शौक नसून त्यात काही धर्माधर्म आहे, असे आमचे मत दिवसेंदिवस दृढ होत गेले. तेच येथे मांडावयाचे योजिले आहे.

आमच्या आजोबांच्या तोंडी सायकलीस 'पायगाडी' हाच शब्द असे. हे वाहन तसे फार प्राचीन नव्हे. दोन सारखी चाके आणि मागील चाकास साखळीने दिलेली गती, ही आज सर्वत्र दिसणारी रचना इंग्लंडात जॉन केम्प स्टार्ले याने १८८५ साली लोकप्रिय केली. १८८८ साली डनलॉप याने हवा भरलेली रबरी धाव तीस जोडली. त्याच १८८८ साली बेळगावात किर्लोस्कर बंधूंनी सायकलींचे दुकान काढले. पुढे लोखंडी नांगरापासून मोठमोठ्या यंत्रांपर्यंत पोचलेल्या त्या उद्योगाचे मूळ एका सायकलीच्या दुकानात आहे, ही गोष्ट मराठी माणसाने विसरू नये. वाहन नवे असले तरी त्याच्या चाकाची अंगे मात्र आमच्या ओळखीची. नाभि, अर आणि नेमि हे शब्द संस्कृतात वेदकालापासून आहेत. सायकलवाला ज्यास हब, स्पोक आणि रिम म्हणतो, ती हीच होत.

पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. १९६०-७० च्या सुमारास आमच्या एकत्र कुटुंबात चौदा माणसे आणि सायकल एक, अशी स्थिती होती. ती रॅले पहाटे धाकट्या काकांबरोबर दुधास जाई, साडेनवास वडिलांबरोबर कचेरीत जाई, आणि सायंकाळी मंडईतील भाजीच्या पिशव्या हँडलास अडकवून परत येई. रविवारी दुपारी ती आम्हां भावंडांच्या वाट्यास येई. सीटवर बसून पाय पोचत नसल्यामुळे मधल्या दांडीखालून पाय घालून अर्धे पायडल मारीत आम्ही ती शिकलो. महानगरपालिकेस दरवर्षी तिचा कर भरावा लागे आणि त्याचा बिल्ला तिच्यावर मिरवावा लागे. रात्री दिव्यावाचून अथवा दोघे बसून निघाल्यास चौकातील पोलीस उतरवून घेई. खंडेनवमीस घरातील शस्त्रांच्या आणि हत्यारांच्या पंक्तीत तिला झेंडूचा हार मिळे. घरातील कोणाचीच ती नव्हती, म्हणूनच ती सर्वांची होती. तिच्या चाकास थोडे जरी आऊट आले तरी ते कोणाच्या हातून आले याचा न्याय जेवणाच्या पानावर होत असे.

आता प्रश्न असा की, ही ओढ गतवयाची, की त्या यंत्रात खरोखरच काही होते? कालिदासाने मालविकाग्निमित्राच्या प्रस्तावनेत सूत्रधाराच्या मुखाने बजावून ठेविले आहे की, जुने म्हणून सर्व चांगले नव्हे आणि नवे म्हणून निंद्य नव्हे. शहाण्याने पारखून घ्यावे. त्या न्यायाने पाहता जुन्या सायकलीचे दोषही सांगितले पाहिजेत. तिचे वजन सहज अठरा-वीस किलो भरते. तिचे सळ्यांचे ब्रेक पोलादी रिमवर दाबले जातात, आणि रिम पावसाने ओली झाली म्हणजे सवाराची प्रार्थना आणि ब्रेक यांत अधिक विश्वासू कोण, हे सांगणे कठीण. आमच्या नातवाची नवी सायकल वजनाने हलकी, थांबण्यास तत्पर आणि चढावर सोयीची आहे, हे आम्ही मोकळ्या मनाने कबूल करतो.

परंतु एका गुणात जुनी सायकल श्रेष्ठ आहे. ती उघडता येते. तिचा प्रत्येक भाग उघडावा, पुसावा, छर्रे बदलावेत, वंगण घालावे आणि पुन्हा जोडावे, ह्या हेतूनेच ती घडविलेली असते. स्टर्मी-आर्चर कंपनीच्या तीन गतींच्या हबचेच उदाहरण घ्यावे. त्यांचा 'ए. डब्ल्यू.' नावाचा हब १९३६ साली निघाला. त्याच्या पोटात आसावर २० दात्यांचे एक चक्र सूर्याप्रमाणे अचल असते. त्याच्याभोवती तितक्याच दात्यांची चार चक्रे ग्रहांप्रमाणे फिरतात. आणि त्या सर्वांस वेढणारे ६० दात्यांचे एक कडे असते. मधली गती सरळ. चढावर चाक तीन-चतुर्थांश वेगाने आणि सपाटीवर चार-तृतीयांश वेगाने फिरते. मधल्या व वरच्या गतीत हा हब टिक् टिक् असा नाद करतो, खालच्या गतीत मौन धरतो. एवढे ज्यास ठाऊक, त्यास उघडण्यापूर्वीच कानाने रोगनिदान करता येते. ह्या हबास अधूनमधून दोन थेंब तेल दिले की तो दोन पिढ्या चालतो. असा साधा आणि खोल विचार ज्या कारागिरांनी केला, त्यांच्याविषयी आदर वाटणे ही केवळ हळहळ नव्हे.

आता खरेदीविषयी. जुनी सायकल पारखणे हे जुनी पोथी पारखण्यासारखे आहे. आमच्या पुण्यात भांडारकर संस्थेच्या पंडितांनी १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताच्या शेकडो पोथ्या ताडून मूळ कोणते आणि प्रक्षिप्त कोणते याचा निवाडा केला. सायकलीतही मूळ आणि प्रक्षिप्त असतेच. बी. एस. ए.च्या दातेरी चक्रात ती तीन अक्षरे कोरलेली असतात, रॅलेच्या चक्रात बगळ्याची मस्तके असतात, आणि हंबरचा पुढील चिमटा दुहेरी नळ्यांचा असतो. रॅलेच्या सांगाड्यावर बी. एस. ए.चे चक्र दिसले की कोणा मिस्त्रीने अडचणीच्या वेळी दुसऱ्या ग्रंथातील अध्याय येथे जोडला, असे समजावे. स्टर्मी-आर्चरच्या हबवर बहुधा साल छापलेले असते. परंतु पोथीच्या पुष्पिकेप्रमाणे त्यावरही डोळे मिटून विसंबू नये. ते साल हबचे असते, आणि चाक मागाहून बदललेले असू शकते.

प्रथम सायकलीच्या मागे उभे राहून दोन्ही चाके एका रेषेत आहेत की नाहीत हे पाहावे. मग हँडलाजवळ, जेथे दोन नळ्या येऊन मिळतात, त्या जागेच्या किंचित मागे बोट फिरवावे. रंगास सुरकुती अथवा नळीस फुगवटा लागला, तर गाडी कोठेतरी समोरून आदळलेली आहे, आणि असा सांगाडा फुकट मिळाला तरी महाग. पायडलची दांडी हलवून पाहावी. ती खटखटली तर दोष कॉटर पिनेचा, की आतील छर्ऱ्यांचा आणि कपांचा, हे ओळखावे. येथे एक मेख आहे. रॅले कंपनी आपल्या कपांस इंचाला २६ आटे पाडीत असे, इतर इंग्रजी कारखाने २४. त्यामुळे रॅलेस दुसऱ्याचा कप बसत नाही, आणि जो बळेच बसवील तो सांगाड्याचे आटे कायमचे बिघडवील. टायरांविषयी मात्र आपण भाग्यवान आहोत. ह्या गाड्यांचे २८ गुणिले दीड इंची माप आपल्या देशी काळ्या सायकलीनेही स्वीकारले, म्हणून टायर, ट्यूब, ब्रेकच्या सळ्या ह्या वस्तू आपल्याकडे अद्यापि मिळतात.

इंग्रजी की देशी, ह्या वादात आम्ही पडत नाही. मद्रासेस १९४९ साली टी. आय. सायकल्स निघाली, आणि पन्नाशीच्या दशकात आसनसोलजवळ सेन-रॅलेचा कारखाना चालू झाला. तेथील गाड्यांनी पोस्टमन, शिक्षक आणि गवळी यांचे संसार ओढले. सेवेस जात नसते.

एवढी पारख झाल्यावर खरी परीक्षा येते. ती सायकलीची नव्हे, घेणाऱ्याची. २०१८ साली आमच्या परिचयाच्या एका घरी वाडा पाडून इमारत बांधण्याचे ठरले. जिन्याखाली एक हंबर निघाली. हबवर ५३ चा आकडा. ब्रुक्सची चामडी सीट वाळलेली, पण न फाटलेली. पुढे कंदील जागच्या जागी. घरातील वृद्ध बाई म्हणाल्या, "मास्तर, भंगारवाला पाचशे देतो म्हणाला. तुम्ही तेवढेच द्या, निदान ओळखीच्या घरी जाईल." मुलगाही म्हणाला, "काका, आजच घेऊन जा, उद्या मजूर यायचेत."

पाचशे रुपये देऊन ती घेतली असती तर कायद्याने कोणी बोट दाखविले नसते. व्यवहारात हुशार समजली जाणारी माणसे ह्यालाच 'लॉटरी लागली' म्हणतात. परंतु विकणाऱ्याचे अज्ञान हे घेणाऱ्याचे भांडवल कसे होऊ शकते? आम्ही त्यांस सांगितले की, नुसती सीट आणि हब सुटी विकली तरी ह्याच्या कितीतरी पट येतील. ह्यात आमची थोरवी काही नाही. जन्मभर वह्या तपासलेल्या माणसास चुकीची बेरीज दिसली की हात आपोआप लाल पेन्सिलीकडे जातो. मुलगा चकित झाला. साडेसहा हजारांवर व्यवहार ठरला. बाई मात्र बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "किंमत राहू द्या हो. हिचे हातपाय वेगळे करू नका, एवढे कबूल करा. ह्यांनी तीस वर्षे कंदील स्वतः पुसला, कोणाला हात लावू दिला नाही."

त्या एका वाक्यात त्यांनी सर्व धर्मशास्त्र सांगितले. आज ह्या नादात पैसा आल्यामुळे धडधाकट सायकल घेऊन तिची सीट एकास, कंदील दुसऱ्यास, हब तिसऱ्यास असे विकणारे निघाले आहेत. सुटे भाग मिळून अधिक दाम येते, हे खरे. आणि मोडलेल्या गाडीचे भाग दुसरीस उपयोगी पडावे, हेही योग्य. परंतु जी अखंड आहे तिचे तुकडे करणे म्हणजे पोथीची पाने सुटी करून चित्रे तेवढी विकण्यासारखे आहे. तिला चकचकीत रंगाने मढविणे हाही एक प्रकारचा वधच. मूळ इनॅमल आणि त्यावरील सोनेरी रेघा एकदा घासून गेल्या की पुन्हा येत नाहीत. आम्ही त्या हंबरीस मऊ फडके आणि थोडे तेल यांखेरीज काही लावले नाही. छर्रे बदलले, आऊट काढला, सीटचे चामडे हळूहळू मऊ केले. आणि आता ती रोज सकाळी मंडईस जाते. तिच्या अंगावरील दोन ओरखडे आमचे नव्हेत, ते त्या घरचे आहेत, म्हणून तसेच ठेविले आहेत. नाभीत धूळ साचू न देणे आणि चाक फिरते ठेवणे, एवढीच आम्ही तिची व्यवस्था मानतो. भिंतीवर टांगलेली सायकल ही बंद कपाटातील पोथीप्रमाणे असून नसल्यासारखी होय.

वाचकांपैकी कित्येकांच्या घरी जिन्याखाली, माळ्यावर अथवा कोकणातील पडवीत अशी एखादी पायगाडी उभी असेल. ती भंगारात देण्यापूर्वी तिच्या हबवरील धूळ एकदा पुसून पाहावी आणि घरातील वडीलधाऱ्यांस तिच्याविषयी विचारावे. बहुधा सायकलीपेक्षा अधिक काही हाती लागेल. ज्यांस ती ठेवणे शक्य नसेल त्यांनी ती खुशाल विकावी. वस्तू वापरणाऱ्याच्या घरी गेल्याने वस्तूचा अपमान होत नाही. आणि घेणाऱ्यांनी तीन गोष्टी पाळाव्यात: विकणाऱ्यास खरी किंमत सांगावी, अखंड गाडी अखंड ठेवावी, आणि तिला चालवावी. दाम दिल्याने वस्तू आपली होते, हे कायद्याने खरे आहे; परंतु जिने एका घरचे दूध, भाजी आणि मुले वाहिली, तिचे थोडे ऋणही त्या व्यवहारात आपल्याकडे येते, आणि ते पायडल मारूनच फिटते.