पळी कुणाच्या हातात?

आमच्या घरात चोवीस तासांची बाई आली आणि तिसऱ्या दिवशी तिचं ताट वेगळं झालं.

कुणी ठरवलं नव्हतं. आई मोरीत पडली, खुब्याचं हाड मोडलं. मी नोकरीला, बायको नोकरीला. दिवसरात्र आईजवळ कुणीतरी हवं होतं. ओळखीतून बाई आली. पंचेचाळिशीची, विधवा, गावाकडं दोन पोरं. बोली झाली, खाऊनपिऊन पंधरा हजार. 'खाऊनपिऊन' म्हणजे काय, ते तिनं विचारलं नाही. आम्ही सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी सिंकखालच्या कोपऱ्यात एक पोचे आलेली ताटली दिसली. एक वाटी, एक पेला. मावशीचं. आम्ही जेवलो की बायको तिला वाढायची. सकाळच्या चपात्या आधी, ताज्या नंतर. भात तिनंच शिजवलेला, भाजी तिनंच फोडणीला घातलेली. तेव्हा तिच्या हाताचं चालत होतं. तिच्या ताटलीत वाढताना मात्र हात आमचा.

तिची जात काय, असं तुम्ही लगेच विचाराल. मला माहीत आहे, पण सांगणार नाही. सांगितली की तुम्ही सगळा हिशेब जातीवर मांडाल आणि मोकळे व्हाल. ताटली वेगळी झाली तेव्हा तिची जात आम्हाला माहीतही नव्हती. पगार देणारे झालो आणि मालकाची रीत आपोआप अंगात आली. ती रीत या देशात कुठून आली, हे तुम्हाला मी सांगायला नको. दरसाल चौदा एप्रिलला मी उतरंडीवर बोलतो. प्रत्येक मडक्याला खाली एक मडकं लागतं, असं बोलतो. टाळ्या पडतात. आणि माझ्याच सिंकखाली ही ताटली.

बायकोनं ठेवली म्हणून सुटता आलं असतं. पण ती पाच वाजता उठते, सात चौदाची लोकल धरते, तेलाच्या पिशवीचा भाव तिला पाठ असतो. मी या घरात स्वतःचं ताट कधी उचललं? तिला बोलायचा मला काय हक्क?

आम्ही नायगावच्या बीडीडी चाळीतले. 1982 चा गिरणी संप झाला आणि बापाची नोकरी गेली ती गेलीच. आईनं दादरच्या एका इमारतीत धुणीभांडी धरली. तिचा चहाचा कप कान तुटलेला, बाहेर खिडकीत पालथा असायचा. पोळी वरून पडायची. उरलंसुरलं ती डब्यातून आणायची आणि आम्ही भावंडं जिन्यात वाट बघत बसायचो. आंबलेली आमटीसुद्धा गोड लागायची. हे सगळं मी लिहिलं आहे, सभांतून सांगितलं आहे. माझ्या घरात त्याचा काही उपयोग झाला नाही.

मग मला लाज वाटली आणि मी क्रांती केली. रविवारी मटण होतं. मावशीला म्हटलं, "आजपासून टेबलावर, आमच्याबरोबर." ती नको नको म्हणाली. मी ऐकलं नाही. ती खुर्चीच्या कडेवर बसली, पदर सावरत. माझी पोरगी मोबाइलवर फोटो काढायला लागली. मावशीनं अर्धी चपाती खाल्ली, एक फोड चोखली आणि उठली. त्या रात्री ती नुसतं पाणी पिऊन झोपली.

आईनं मला खाटेजवळ बोलावलं.

"आरं, तिला टेबलाव बसवून तुजं मन भरलं. तिचं प्वाट कुठं भरलं?"

"मग काय करू, आई?"

"म्या सोळा वरसं लोकाच्या घरात राबले. कुठं बसून खाल्लं ते आता ध्यानात न्हाई. वाढणारीचा हात तेवढा ध्यानात हाय. पळी टोपात जायाची, भरून यायाची, ती बाई माज्याकडं बघायची आन थोडं परत टोपात वतायची. ती पळी मरस्तोवर इसरणार न्हाई. बसू दे तिला कुठंबी. हातानं घिऊ दे."

दोस्तहो, महाडवर मी किती भाषणं केली असतील. त्या रात्री महाड मला नव्यानं कळलं. नगरपालिकेनं 1924 सालीच चवदार तळं सगळ्यांना खुलं केल्याचा ठराव केला होता. कागद होता, पाणी घेता येत नव्हतं. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी कुणाला "वरून ओता" म्हटलं नाही. ते तळ्यात उतरले आणि आपल्या ओंजळीनं पाणी घेतलं. त्याच दिवशी मंडपात जेवत असलेल्या आपल्या माणसांवर हल्ला झाला, अन्न मातीत गेलं. आपण आपल्या हातानं घेतलं, हाच राग होता.

सकाळी मी, बायको आणि मावशी बसलो. आई खाटेवरून ऐकत होती. बायको म्हणाली, "खर्च वाढेल." मी म्हटलं, वाढू दे. मग मावशीला विचारलं, "तुम्हाला काय खायचं असतं?" महिन्याभरात पहिल्यांदा विचारलं. ती म्हणाली, "बाजरीची भाकर. चपातीनं माजं भागत न्हाई. आन जेवाण येक वाजता. तुमचं दोनला होतं, तवर चक्कर येती."

ठरलं ते असं. ताटं सगळी एकाच मांडणीत. तिनं हातानं वाढून घ्यायचं, आमच्या आधी भूक लागली तर आधी. शिळं असेल तर सगळ्यांनी वाटून खायचं. बाजरी महिन्याच्या किराण्यात. कुठं बसायचं ते तिचं तिनं ठरवायचं. रविवारी सुट्टी. जेवणाचे पैसे पगारातून कापायचे नाहीत. आणि 'घरातल्यासारखी' हा शब्द आम्ही बंद केला. घरातल्या माणसाला ना सुट्टी असते ना पगारवाढ. ती कामगार आहे. 2008 साली आपल्या राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, त्यात नोंदणी आहे. तिचा फॉर्म मी भरतो आहे. पण ताटात किती आणि कुणी वाढायचं, ते कायदा सांगत नाही. ते आपल्यालाच ठरवावं लागतं.

मावशी अजून खालीच बसते, आईच्या खाटेला टेकून. दोघी बोलत जेवतात. पोचे आलेली ताटली मी भंगारात दिली.

पण खोटं कशाला लिहू? स्वयंपाकघरात टोपात पळी वाजते. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा वाजली की माझे कान अजून तिकडं जातात. आईनं सांगितलेली ती बाई माझ्यातही बसली आहे. तिला घालवायला फॉर्म नाही.

तुमच्यातल्या अनेकांच्या घरात आज बाई नसेल. उद्या नोकरी लागेल, आईबाप थकतील, बाई येईल. भाषणाला जायच्या आधी एकदा सिंकखाली वाकून बघा.

जय भीम.