आवाज येतोय का?

ऑफिसच्या कॉलवर दिवसातून किमान दहा वेळा मी हे वाक्य म्हणतो. समोरून कुणीतरी "हो हो, येतोय" म्हणतं आणि गाडी पुढे जाते. मागच्या शनिवारी मात्र हाच प्रश्न मी घरच्या कॉम्प्युटरला विचारत बसलो होतो आणि त्याचं उत्तर काही केल्या 'हो' येत नव्हतं.

तर झालं असं...

आमचं घर एकलहऱ्याला. नाशिकरोडच्या पुढे, औष्णिक वीज केंद्राचं गाव. २१० मेगावॅटचे तीन संच, लांबूनच दिसणाऱ्या चिमण्या आणि कोळशाच्या गाड्या. पप्पांची अख्खी नोकरी तिथल्या इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये गेली. मी हिंजवडीत कोड लिहितो आणि महिन्यातून एखादा वीकेंड घरी येतो. (आईच्या मते दोन महिन्यांतून. तिचा डेटा जास्त विश्वासार्ह आहे.)

घरात आजी आहे. पप्पांची आई, सिन्नरकडची. तिला जात्यावरच्या ओव्या येतात. किती येतात ते तिलाही माहीत नाही. लहानपणी तिची ओवी कानावर पडली की मी टीव्हीचा आवाज वाढवायचो. आता हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे ते खरं.

२०१८ मध्ये माझ्या चुलत बहिणीच्या हळदीला आजी गायली होती. जात्यावर हळद दळताना, चार बायका मागे आणि ही पुढे. काय आवाज होता! खणखणीत. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो, मोठ्या रुबाबात मोबाईल काढला, रेकॉर्डिंग चालू केलं, लांबच्या एका खुर्चीवर ठेवून दिला आणि जेवायला गेलो. नंतर करू की साफ, सॉफ्टवेअर असतंच ना!

त्या फाइलमध्ये मांडवातला डीजे आहे, भांड्यांचा आवाज आहे, "अरे पाणी आण" आहे. आणि या सगळ्याच्या मागे कुठेतरी, विहिरीच्या तळातून यावी तशी, आजी आहे.

गेल्या वर्षी आजी आजारी पडली. बरी झाली, पण दम कमी झाला. फोनवर तिचा आवाज इतका बारीक यायला लागला की मी सारखा म्हणायचो, "आजी, मोठ्याने बोल." ती म्हणायची, "बोलतेय की रे." मग ठरवलं, आता रेकॉर्डिंग करायचंच. नीट, कॉम्प्युटरवर.

माईक पप्पांच्या भजनी मंडळातला आणला, हातात धरायचा नेहमीचा. मोठी पिन होती, तिला कन्व्हर्टर लावून माझ्या कॉलेजच्या काळातल्या असेंबल्ड पीसीच्या गुलाबी भोकात घातली. ऑडॅसिटी उघडलं (हे फुकट सॉफ्टवेअर २००० सालापासून आहे आणि अजून छान चालतं). माईक टेबलावर, आजी समोर पलंगावर, मध्ये साधारण एक मीटर. "आजी, बोल काहीतरी."

"काय बोलू?"

स्क्रीनवर सरळ रेघ. भिंग लावून पाहिलं तर जरा थरथरल्यासारखी.

याचं कारण नंतर आकडेमोड केल्यावर कळलं. हा माईक डायनॅमिक प्रकारचा. आत पडदा, त्याला चिकटलेली तारेची गुंडाळी आणि चुंबक. आवाजाने पडदा हलतो, गुंडाळी हलते, वीज तयार होते. म्हणजे आमच्या गावात टर्बाइनच्या जोरावर जनरेटर जे करतो, तेच हा आजीच्या फुंकरीवर करतो. फक्त साधं बोलणं एक मीटरवरून आलं तर निघतात जेमतेम ०.०४ मिलिव्होल्ट. एका व्होल्टचा पंचवीस हजारावा भाग! पीसीच्या साउंड कार्डाने त्यातून काय ऐकावं?

मग मी तेच केलं जे कुठलाही इंजिनिअर करतो. सेटिंग्जमध्ये गेलो. 'मायक्रोफोन बूस्ट' सापडलं, २० डेसिबल, मग ३०. रेघ एकदम जाड झाली. वा! हेडफोन लावला आणि ऐकू आलं ते असं: सूंऽऽऽ आणि त्याखाली घूंऽऽऽ. त्यात आजी होतीच, पण पंखाही होता, फ्रिजही होता आणि साउंड कार्डाची स्वतःची फुसफुसही. बूस्टला आजी कोण आणि पंखा कोण हे कळत नाही. तो सगळ्यांना सारखंच मोठं करतो. गार्बेज इन, मोठं गार्बेज आऊट.

पैकी 'सूं'चं कारण समजलं, पण 'घूं' कुठून? पंखा बंद केला, फ्रिज बंद केला, तरी घूं चालूच. स्पेक्ट्रम काढला तर ५० हर्ट्झवर सुळका आणि पुढे १००, १५० वर त्याची पिल्लं. म्हणजे घरातली वीज!

पप्पा इतका वेळ पेपरआडून बघत होते. ते उठले, टेस्टर आणला आणि कॅबिनेटच्या पत्र्याला लावला. टेस्टर पेटला.

"अर्थिंग नाही," ते म्हणाले. "मुंग्या येत नाहीत का हात लावल्यावर?"

येतात की. कॉलेजपासून येताहेत. मला वाटायचं कॉम्प्युटर असाच असतो.

यामागचं गणित मजेशीर आहे. पीसीच्या पॉवर सप्लायमध्ये फिल्टरचे दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून आणि एक न्यूट्रलकडून कॅबिनेटला जोडलेला. अर्थिंग असेल तर गळणारी जराशी वीज जमिनीत जाते. नसेल तर कॅबिनेट या दोघांच्या बरोबर मध्ये लटकतं, म्हणजे २३० च्या निम्म्यावर. करंट नगण्य म्हणून नुसत्या मुंग्या येतात. पण माईकच्या तारेची जाळी त्याच कॅबिनेटला जोडलेली असते आणि आपण तर तिथे मिलिव्होल्टचे तुकडे मोजायला बसलोय!

पप्पांनी एक्स्टेंशन बोर्ड उघडला. तिसऱ्या पिनची तार सुटलेली. ती जोडली, मग आम्ही मागच्या अंगणात गेलो. तुळशीच्या पलीकडे अर्थिंगचा खड्डा आहे, मीठ आणि कोळसा भरलेला. त्यात ओल राहिली तरच तो काम करतो. वरची माती भेगाळली होती. पप्पांनी दोन बादल्या पाणी ओतलं. "किती वर्षं घातलं नसेल रे याला," असं स्वतःशीच म्हणाले. ज्या माणसाने आयुष्यभर वीज केंद्राची अर्थिंग तपासली त्याच्या घरचा हा खड्डा. दिव्याखाली अंधार, दुसरं काय. मी काही बोललो नाही, कारण माझ्याकडेही तसले दोन-चार खड्डे आहेत.

घूं जवळजवळ गेलं. आता उरलं अंतर.

माईकच्या बाबतीत एक साधा हिशोब आहे. अंतर निम्मं केलं की थेट येणारा आवाज दुप्पट होतो, म्हणजे ६ डेसिबल वाढतो. १०० सेंटिमीटरचे ५०, मग २५, मग साडेबारा, मग सहा. चार वेळा निम्मं केलं की १६ पट. आणि हे चुकूनही बूस्टसारखं नाही, कारण पंखा आहे तिथेच राहतो. वाढते ती फक्त आजी.

१९०२ साली गौहर जानची रेकॉर्ड कलकत्त्याला झाली तेव्हा रेकॉर्डिंगला माईक वापरतच नसत. गाणाऱ्याने कर्ण्यात तोंड घालून गायचं आणि त्याच हवेच्या जोरावर सुईने मेणात रेघ कोरायची. विजेवर चालणारं रेकॉर्डिंग १९२५ च्या सुमारास आलं. तोवर बूस्ट नावाचं बटणच नसल्याने जवळ जाण्यावाचून इलाज नव्हता. ओव्यांचं म्हणाल तर हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करवल्या. बर्नार्ड बेल यांच्या साथीने १९९० च्या दशकापासून त्यातल्या काही हजार डिजिटल टेपवर ध्वनिमुद्रित झाल्या. 'परी'च्या संकेतस्थळावर २०१७ पासून त्या येताहेत, जरूर ऐका. ही माणसं त्या बायकांच्या गावात, त्यांच्या उंबऱ्यापर्यंत गेली. मला तर फक्त पलंगापर्यंत जायचं होतं.

पण माईक तोंडाजवळ नेला की आजी मागे सरकायची. "ते दांडकं काढ बाबा आधी. भाषण करायचंय का मला?"

शेवटी माझ्या ऑनलाइन मीटिंगचा कॉलर माईक काढला. तो मोबाईलचा, त्याच्या पिनवर चार कप्पे. पीसीच्या भोकाला तीन लागतात. तसाच घातला तर आवाज थेट अर्थला जातो आणि पुन्हा सरळ रेघ. नाशिकरोडहून कन्व्हर्टर आणला. हा माईक इलेक्ट्रेट जातीचा. त्याला लागणारी थोडीशी वीज साउंड कार्डच देतं आणि भजनी मंडळाच्या माईकपेक्षा तो मुळातच काही पट जोरात बोलतो. आता लावायचा कुठे? आजीला कॉलर कुठली! आईनेच सुचवलं, डोक्यावरच्या पदराच्या काठाला. गालापाशी, तोंडापासून चार बोटं, जरा बाजूला. बाजूला अशासाठी, की 'फ' आणि 'भ'चा फुत्कार थेट माईकवर आदळू नये.

रविवारी पहाटे पाचला बसलो. पंखा बंद, फ्रिज बंद. बूस्ट फक्त १० वर. आजीचा मोठ्यात मोठा आवाज उणे १२ च्या आसपास जाईल असं लावलं; शून्याला टेकला की लाट वरून कापली जाते आणि ते पुन्हा दुरुस्त होत नाही.

"गा आजी."

आजीला काही आठवेना. "जातं नाही तर कसं रे सुचायचं?" जातं कधीच मोडीत निघालंय, वरची तळी तुळशीपाशी पडलीये. पाच मिनिटं गेली. मग बघतो तर तिचा उजवा हात मांडीवर गोल फिरायला लागला होता. दाणे टाकल्यासारखा डावा मध्येच पुढे यायचा. आणि ओवी आली.

आवाज बारीक होता. दुसऱ्या ओळीच्या शेवटी दम तुटायचा, थांबायची, श्वास घ्यायची, पुन्हा हात फिरवायची. भावाची, पंढरीची, मग पप्पांच्या जन्माची. ती एक मी कधीच ऐकली नव्हती. पप्पा दारात उभे होते. त्यांनीही ऐकलेली दिसत नव्हती.

चाळीस मिनिटांत तेवीस ओव्या. मध्ये पदराची सळसळ आहे आणि एकदा कोळशाच्या गाडीची शिट्टी.

दुपारी मी २०१८ ची फाइल उघडली. नॉइज रिडक्शन लावून पाहिलं, फिल्टर लावले, जे जे येतं ते सगळं केलं. डीजे थोडा कमी होतो, पण त्याच्याबरोबर आजीही जाते. राहतं ते पाण्याखालून कुणीतरी बोलल्यासारखं. मग दोन्ही फाइली शेजारी शेजारी ठेवल्या. एकीत आवाज खणखणीत आणि सिग्नल नाही. दुसरीत सिग्नल स्वच्छ, आणि आवाज... आहे तेवढा. दोन्ही तीन ठिकाणी जपून ठेवल्यात, एकही कापाकापी न करता.

संध्याकाळी आजीला हेडफोन लावला. तिने डोळे मिटून दोन ओव्या ऐकल्या आणि म्हणाली, "इथं एक ओळ चुकली माझी. पुढच्या वेळी येशील तेव्हा परत घे."

पुढच्या शनिवारी पुन्हा जातोय. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालायला पप्पांना फोन करून सांगितलंय. तुमच्याकडेही असं कुणी असेल तर महागडा माईक यायची वाट बघू नका. पंखा बंद करा आणि जवळ जाऊन बसा.

असो. आजच्यापुरतं इतकंच.