पंधरा अंकांची ऐट

प्रकाशाचा वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर, हे शाळेपासून पाठ. पण 'मीप'सारख्या सिम्युलेटरमधे तो चक्क १ असतो! नवीन माणूस बिचकतोच. गंमत अशी की मॅक्सवेलच्या समीकरणांना मीटरशी काही देणंघेणं नाही. लांबीचं एकक मायक्रॉन धरा, १.५५ मायक्रॉन तरंगलांबीच्या प्रकाशाची वारंवारता १ भागिले १.५५, म्हणजे ०.६४५. झालं!

मग एसआय एककांनी काय घोडं मारलंय? कागदावर काहीच नाही. पण एका घन नॅनोमीटरचं आकारमान घनमीटरमधे १०चा उणे २७वा घात. ऊर्जा काढायला त्याला एप्सिलॉन-नॉटने गुणलं, की आपण उणे ३८व्या घाताच्याही खाली. सिंगल प्रिसिजनची पूर्ण अचूकता तिथेच संपते.

"मग डबल वापर की, १५-१६ अंक मिळतात!" वापरा ना. जवळपास सारख्या संख्यांची वजाबाकी असेल तर वापराच. पण एका तरंगलांबीत २० चौकटी असतील, तर १९६६ सालच्या यी-पद्धतीत लाटेचा वेगच साधारण ०.३ टक्क्यांनी चुकू शकतो. १५५० नॅनोमीटरवर हे झाले जवळपास ५ नॅनोमीटर. आणि फायबरमधे शेजारशेजारचे चॅनल असतात जेमतेम ०.८ नॅनोमीटरवर! अशा आकड्यांवर चिप बनवायला टाकली तर फिल्टर भलत्याच चॅनलवर बसेल. डबल प्रिसिजन इथे काही करू शकत नाही.

चौकट निम्मी केली की चूक पावपट होते, पण त्रिमितीत काम सोळापट. महाग आहे, पण एकदा तरी करून बघाच. जे अंक जागचे हलले नाहीत, तेवढेच आपले. बाकी सगळी सजावट.