दानानंतरची राखण

दात्याचा हात नेहमी वर असतो, अशी आपल्याकडील जुनी समजूत आहे. परंतु दान दिलेली वस्तू जर सतत चालणारे एखादे यंत्र असेल, तर ही समजूत फार दिवस टिकत नाही. दानाच्या दुसऱ्या दिवसापासून तो हात खाली येतो आणि कामास लागतो. काही वर्षांपूर्वी आम्ही परभणीस राहून, संगणकाच्या प्रोग्रॅमांतील दोष हुडकणारा एक लहानसा प्रोग्रॅम तयार केला व त्याच्या सोर्स कोडसह तो सर्वांस मोफत खुला करून दिला. तेव्हापासून ह्या गोष्टीचा प्रत्यय आम्हांस नित्य येत आहे.

ज्या वाचकांचा ह्या विषयाशी संबंध आला नसेल, त्यांच्यासाठी थोडा खुलासा करणे अवश्य आहे. आमचा हा तपासनीस दुसऱ्याचा प्रोग्रॅम चालवून पाहत नाही. तो केवळ वाचतो. उघडलेली फाइल बंद करावयाची राहिली, किंवा मागे लिहिलेला एखादा भाग कधीच उपयोगात येणार नाही, असे काही आढळले की तो त्या ओळीवर बोट ठेवतो. ह्या कुळाचा प्रसिद्ध पूर्वज १९७८ साली अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन ह्यांनी लिहिला. त्याचे नाव ‘लिंट’. म्हणजे कपड्यास चिकटून राहणारे बारीक तंतू. आम्हां परभणीकरांस ह्या नावाची मोठी गंमत वाटते. मानवत, सेलूच्या जिनिंगमध्ये सरकी वेगळी काढल्यावर जी रुई हाती येते, तिलाही इंग्रजीत लिंटच म्हणतात. जिनवाल्याचा जो माल, तोच प्रोग्रॅमवाल्याचा केर!

ही केवळ शब्दांची गंमत नव्हे. तपासनिसाची सारी अडचण तीत सामावलेली आहे. एकास जो केर वाटतो, तो दुसऱ्याने जाणूनबुजून ठेवलेला माल असू शकतो. अॅलन ट्युरिंग ह्यांनी १९३६ साली आणि हेन्री राइस ह्यांनी १९५३ साली गणिताने जे सिद्ध केले, त्याचे तात्पर्य असे की, प्रत्येक प्रोग्रॅमच्या वर्तनाविषयी अचूक निवाडा देणारा यांत्रिक परीक्षक निर्माण होणेच शक्य नाही. ह्या मर्यादेत राहून किती साधता येईल, ह्याचे मोठे शास्त्र आहे. त्यात आपलीही माणसे मागे नाहीत, मुंबईच्या आय.आय.टी.तील उदय खेडकर, अमिताभ सन्याल व बागेश्री करकरे ह्यांचा ‘डेटा फ्लो अॅनालिसिस’ हा ग्रंथ २००९ साली प्रसिद्ध झाला. परंतु मर्यादा ती मर्यादाच. तपासनीस कधी निरपराध्यास हटकणार, कधी चोरास सोडून देणार. आणि प्रत्येक वेळी पत्र मात्र आमच्याकडे येणार.

पत्रांचे नाना प्रकार असतात. कोणी आभार मानतो. कोणी दोष दाखवून त्याची दुरुस्तीही सोबत धाडतो. आणि कोणी, जणू आम्ही त्याचे पगारी नोकर आहोत अशा थाटात, उद्यापर्यंत काम हवे म्हणून बजावतो. परवान्यात आम्ही स्पष्ट लिहिले आहे की, ही वस्तू आहे तशी दिली असून तिची कोणतीही हमी नाही. त्या वाक्याने कायदा आम्हांस मोकळे करतो, मन करीत नाही. कोठे तरी एखादी अपरिचित मुलगी आमच्या तपासनिसाच्या भरवशावर आपला पहिला प्रोग्रॅम कामावर पाठवीत असेल, हा विचार रात्री बरोबर जागा होतो.

अशा वेळी आमच्याच गावचे एक उदाहरण आम्हांस धीर देते. १९७२ साली स्थापन झालेल्या येथील कृषी विद्यापीठाने १९८०च्या दशकात ‘परभणी क्रांती’ नावाचे भेंडीचे वाण दिले. लागवडीच्या भेंडीचा रानटी भेंडीशी संकर करून, पाने शिरांपासून पिवळी पाडणाऱ्या विषाणुरोगास दाद न देणारे हे वाण संशोधकांनी सिद्ध केले. संकरित बियाण्यासारखे ते दरसाल विकत घ्यावे लागत नाही. शेतकरी आपल्या घरचे बी धरू शकतो. म्हणजे तेही एक प्रकारचे खुले दानच. परंतु वाण प्रसृत झाले म्हणजे काम संपत नाही. पैदासकार बियाणे, त्यापासून पायाभूत, त्यापासून प्रमाणित, अशी पायरीपायरीने त्याची शुद्धता राखावी लागते. दरसाल शेतात उभे राहून भेसळीचे रोप उपटावे लागते. एवढे करूनही रोग पालटतो, आणि काल दाद न देणारे वाण कालांतराने त्यास बळी पडू लागते. ह्या वाणासही ते चुकले नाही. मग पुन्हा नव्या वाणाचा शोध. ह्यात कोणी संशोधकांस फसवे म्हणत नाही.

भेसळीचा प्रश्न अलीकडे आम्हांस विशेष छळू लागला आहे. ‘एक्स-झेड’ नावाचे फायली आवळून लहान करणारे एक खुले साधन पुष्कळ वर्षे एकच गृहस्थ फावल्या वेळात सांभाळीत होते. ते थकले होते, आणि त्यांच्यामागे तगादा लावणारेही होते. तेव्हा ‘जिया टॅन’ ह्या नावाने कोणी मदतीस पुढे झाला, दोनअडीच वर्षे चोख काम करून त्याने विश्वास संपादन केला, आणि अखेरीस त्या साधनात चोरदरवाजा बसविला. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड ह्या अभियंत्यास संगणकात प्रवेश मिळण्यास अर्ध्या सेकंदाचा विलंब का होतो, असा संशय आला आणि तो कट उघडकीस आला. नाहीतर जगातील असंख्य यंत्रांच्या किल्ल्या परक्या हाती गेल्या असत्या.

ही हकीकत ताजी असतानाच आम्हांसही असेच एक पत्र आले. लिहिणारा अपरिचित, काम उत्तम, भाषा नम्र. मागणी एवढीच की, बदल थेट स्वीकारण्याचा अधिकार त्यास द्यावा. आम्ही खरोखरच थकलो होतो. नकार द्यावा तर एका सज्जनाचा अकारण अवमान; होकार द्यावा तर ज्यांनी विश्वास टाकला त्यांची सुरक्षितता पणास लागते. पुष्कळ विचारांती आम्ही त्यास लिहिले की, काम आनंदाने घेऊ, किल्ली तूर्त देणार नाही. प्रत्येक बदलाबरोबर त्याची सत्यता दाखविणारी चाचणी जोडावी, आणि तो दुसऱ्या कोणी वाचल्यावाचून आत येणार नाही. हा नियम आम्ही स्वतःसही लावून घेतला. त्याने तो मान्य केला व अद्यापि तो काम धाडीत आहे. आम्ही त्यास कधी पाहिले नाही, बहुधा पाहणारही नाही.

हा नियम पाळावयाचा तर वाचणारे दुसरे डोळे हवेत. म्हणून येथील दोन विद्यार्थ्यांस आम्ही दर रविवारी बसवून आमच्याच कोडातील प्रत्येक ओळ तशी का आहे, हे सांगत असतो. ती कारणे लिहून ठेवण्याचे कामही त्यांनीच अंगावर घेतले आहे. मुले शंका फार काढतात. गेल्या रविवारी त्यांतील एकाने विचारले, ‘‘हा तपासनीस दुसऱ्यांचे कोड तपासतो, मग स्वतःचे तपासतो का?’’ आम्ही त्यास म्हटले, ‘‘प्रत्येक बदलानंतर तपासतो; पण त्याचा निकाल वाचावयास माणूस लागतो.’’ पुढच्या रविवारपासून तो निकाल वाचण्याचे काम त्याच्याकडे दिले आहे.