अकरावी

लेखाचं नाव वाचून कुणाला अकरावी सायन्स आठवली असेल तर काही चूक नाही. तीही गोष्ट पुढे येणारच आहे. पण आधी २ नोव्हेंबर २०२५ ची रात्र.

रविवार होता. नवी मुंबईत पाऊस, त्यामुळे महिला वर्ल्ड कपची फायनल उशिरा सुरू झाली. इकडे अमरावतीत, आमच्या होस्टेलच्या मेसमध्ये, एका लॅपटॉपभोवती आम्ही पंचवीस-तीस जणी! नेट मध्येच अडकायचं आणि बॉलरचा हात हवेतच राहायचा. दहाला लाइट बंद करण्याचा नियम. रेक्टर मॅडम आल्या तेव्हा वाटलं, संपलं. पण त्या म्हणाल्या, "स्कोअर काय झाला गं?" आणि खुर्ची ओढून बसल्याच! रात्रीचे बारा वाजत आले असताना हरमनप्रीतने शेवटचा कॅच घेतला. दक्षिण आफ्रिकेवर ५२ धावांनी विजय. आम्ही ताटं वाजवली, काही जणी चक्क रडल्या.

मला मात्र सारखी शफाली वर्मा आठवत होती. ती मूळ संघात नव्हतीच. प्रतिका रावल जखमी झाली म्हणून तिला ऐनवेळी बोलावलं, आणि फायनलमध्ये तिने ८७ धावा काढून वर दोन विकेट घेतल्या. बोलावणं येईपर्यंत तिने बॅट खाली ठेवली नव्हती, हे महत्त्वाचं.

मी ठेवली होती.

दुसऱ्याच दिवशी नोटीस बोर्डावर कागद लागला - 'गॅदरिंगला मुलींचं क्रिकेट. होस्टेल विरुद्ध लोकल. नावं द्या.' तीन दिवसांत दहा नावं आली. अकरावं काही येईना. मग त्या दहाही जणी माझ्या रूमवर धडकल्या. माझ्याच गावच्या एका ज्युनियरने फितुरी केली होती - "ताई अकोल्याला गल्लीत खेळायची." मी म्हटलं, "माझं सबमिशन आहे." खोटं नव्हतं, पण खरं कारण वेगळं होतं.

अकोल्याला आमच्या गल्लीत मी आणि दादा टेनिस बॉलने खेळायचो. उन्हाळ्यात डांबर तापलेलं, चपलेचा स्टंप. आजी ओट्यावरून ओरडायची, "काय वं पोरी, दिवसभर थे फळी घिऊन फिरतं! हात मोडला तं पोया कोन लाटन?" शाळा कॉन्व्हेंट. पी.टी.च्या तासाला मुलं क्रिकेट खेळायची आणि मुली थ्रोबॉल. असं का, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

मग अकरावी आली. अकोल्याची अकरावी म्हणजे काय ते अकोलेकरांना सांगायला नको! सकाळी सहाला फिजिक्सची ट्यूशन, संध्याकाळी मॅथ्स, मधे कॉलेज. माझी बॅट माळ्यावर गेली. कुणी हिसकावली नाही, मीच ठेवली. दादाही कधीतरी अकरावीत होता, पण त्याची रविवारची मॅच कधी चुकली नाही. त्याला कुणी विचारलं नाही, आणि मला कुणी सांगितलं नाही. एवढाच काय तो फरक.

नाही म्हणून त्यांना परत पाठवलं खरं, पण झोप लागेना. मग विचार करत बसले.

आपल्याकडे मुलींचं क्रिकेट काही आजचं नाही. १९७३ साली लखनौत महिला क्रिकेटची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. त्या वर्षीच्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत संघ होते फक्त तीन - मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. तीन संघांची कसली स्पर्धा, असं तेव्हा कुणी म्हटलंच असेल. पण १९७६ मध्ये शांता रंगास्वामींच्या नेतृत्वाखाली भारत वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी खेळलासुद्धा. बी.सी.सी.आय.ने महिला क्रिकेटला पंखाखाली घेतलं २००६ मध्ये. पुरुषांइतकी मॅच फी जाहीर झाली २०२२ मध्ये, आणि डब्ल्यू.पी.एल. सुरू झाली २०२३ मध्ये. म्हणजे तीन संघांपासून इथवर यायला पन्नास वर्षं लागली!

आणि आपली अमरावती? इथलीच भारती फुलमाळी मार्च २०१९ मध्ये गुवाहाटीला इंग्लंडविरुद्ध भारताकडून खेळली. दोन सामने. मग कित्येक वर्षं भारतीय संघात नाव नाही. पण ती विदर्भाकडून खेळत राहिली, आणि २०२५ च्या डब्ल्यू.पी.एल.मध्ये गुजरातकडून मुंबईविरुद्ध तिने ६१ धावा ठोकल्या. दिशा कासटही अमरावतीचीच, २०२३ मध्ये बंगलोरच्या संघात होती. ज्या रस्त्यांवरून आपण ऑटोने स्टँडवर जातो, त्याच रस्त्यांवरून या मुली किट बॅग घेऊन प्रॅक्टिसला गेल्या असतील.

खेळ या गावाला नवा नाही. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून इथे आहे. मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवले, आणि १९४९ मध्ये हे पथक लिंगियाड या व्यायाम महोत्सवासाठी थेट स्वीडनला, स्टॉकहोमला गेलं होतं. अमरावती ते स्टॉकहोम, विचार करा!

त्याच स्वीडनच्या मुलींनी २००६ च्या ट्युरिन ऑलिंपिकमध्ये आइस हॉकीच्या सेमीफायनलला बलाढ्य अमेरिकेला हरवून रौप्यपदक मिळवलं. वाटलं, तिकडे काय, श्रीमंत देश, बर्फच बर्फ! पण २०१९ मध्ये त्याच देशाच्या महिला खेळाडूंनी पैसे आणि सोयी धड मिळत नाहीत म्हणून राष्ट्रीय शिबिरावर बहिष्कार टाकला होता. म्हणजे बर्फ भरपूर असला तरी मुलींना आपला वाटा मागावाच लागतो. तिथे बर्फ, इथे मैदान.

सकाळी उठून मी कागदावर अकरावं नाव लिहिलं.

खरी गंमत पुढेच! प्रॅक्टिकल पाचला सुटणार, हिवाळ्यात सहाच्या आत अंधार, सातला होस्टेलची हजेरी, आणि चार वाजल्यापासून मैदानावर मुलांच्या तीन मॅचेस एकाच वेळी चाललेल्या. त्यांची चूक नाही, ते वर्षानुवर्षं तिथेच खेळतात. आम्हालाच कुठे उभं राहायचं ते कळेना. शेवटी रेक्टर मॅडमनी पहाटे सहाला गेट उघडायची परवानगी दिली. डिसेंबरची थंडी, हात बधिर, तोंडातून वाफ... पण मैदान रिकामं! दोन दिवसांनी थर्ड इयरची काही मुलं स्वतःहून आली, आम्हाला पॅड बांधायला शिकवलं आणि दुसऱ्या दिवशी स्टंपसुद्धा आणले. हेही लिहायला हवं.

मॅच आम्ही चौदा धावांनी हरलो. मी सात काढल्या आणि एक सोपा कॅच सोडला. रात्री घरी फोन केला तर आजीने विचारलं, "किती केले वं?" म्हटलं, "सात." "अव माय! येवढी शिकून सातच?" हात मोडल्याची चौकशी मात्र तिने केली नाही.

दुसऱ्या दिवशी मेसमध्ये फर्स्ट इयरच्या पाच मुली ताटं घेऊन आमच्या टेबलाशी आल्या. "ताई, पुढच्या वर्षी आम्हाला घ्याल?" मी हो म्हटलं. नंतर पोटात गोळा आला. पुढच्या वर्षी मी फायनल इयरला, मग जॉब. रेक्टर मॅडम बदलल्या, थंडी जास्त पडली, किंवा आमच्यातल्या दोघी कंटाळल्या, तर त्या पाच जणी कुठे खेळतील? एखादीची बॅट पुन्हा माळ्यावर जाईल.

म्हणून हा लेख. आम्हाला कप नको, कौतुक नको. आठवड्यातून दोन दिवस, पाच ते सहा, मैदानाचा अर्धा भाग मुलींचा, असं टाइमटेबलमध्ये छापून मिळावं. सर आणि मॅडम, छापलेलं टाइमटेबल आपल्या कॉलेजात कुणी मोडत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे! आणि मैत्रिणींनो, नोटीस बोर्डावर दहा नावांचा कागद दिसला तर सबमिशनचं कारण सांगू नका. अकरावं नाव तुमचं लिहा.