अक्काचे कागद

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. पहिल्या वर्षी ओळख करून देताना हे वाक्य मी मोठ्या अभिमानाने म्हणत असे. अलीकडे ते तोंडून सहज निघत नाही. त्याचे कारण अक्काच्या लग्नात कळले.

दिवाळीच्या सुमारास बेंबळीच्या शिवारात सोयाबीन काढून मी 1400 रुपये जमवले होते. अक्काला स्टीलचे पिंप घ्यायचे, त्यावर 'धाकट्या भावाकडून सप्रेम भेट' असे नाव घालायचे आणि रुखवतात ते सगळ्यांना दिसेल असे पुढे मांडायचे, असा माझा बेत. धाराशिवच्या बाजारात पिंप पाहूनही आलो.

अक्का भाकरी थापत होती. तिला सांगितले तर म्हणाली, "पिंपं दोन येणार हायती. तुला द्यायचंच आसलं तर माझे कागद दे."

"कसले कागद?"

"दहावीचं गुणपत्रक आन् शाळेचा दाखला. सतरा नंबरचा फॉर्म भरून बारावीला बसता येतं म्हणं. त्याला दाखला लागतो."

मी गप्प झालो. 2018 साली अक्का 71 टक्के गुण मिळवून दहावी पास झाली. त्याच वर्षी मराठवाड्यात दुष्काळ पडला. आई-आबा ऊसतोडीला गेले. मी सातवीत होतो. मला करून घालायला घरी कोणीतरी हवे होते. अक्का घरी राहिली, ती राहिलीच. कॉलेजची पायरी पहिल्यांदा चढायचा मान खरे तर कोणाचा होता, हे मला सात वर्षांनी चुलीपुढे उमगले.

कागद आबांच्या पत्र्याच्या पेटीत, सातबाऱ्याखाली होते. आबा म्हणाले, "सासरी कागद कशाला? हरवत्याल."

"हरवले तरी तिचेच हरवतील, आबा."

आबा काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने किल्ली माझ्यापुढे ठेवली.

मी 90 रुपयांची फाईल आणली. त्यात आणखी एक कागद घातला. 1961 च्या हुंडाबंदी कायद्यात न मागता दिलेल्या भेटींना मुभा आहे, पण त्यांची यादी ठेवावी लागते. 1985 च्या नियमांप्रमाणे वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि नाते लिहून यादीवर वधू-वरांनी सही करायची असते. वधूला मिळालेल्या वस्तूंची यादी वधूनेच जपायची असते. हे सरांनी वर्गात सांगितले तेव्हा मी परीक्षेपुरते लिहून घेतले होते. आमच्याकडे 'हुंडा' हा शब्द कोणी उच्चारत नाही. 'तुमच्या लेकीला काय द्यायचं ते द्या' एवढेच म्हणतात. त्या 'काय'साठी आबांनी उसनवारी केली होती. म्हणून मी एकेक वस्तू लिहून काढली.

"पाव्हण्यांवर इस्वास न्हाई आसं दिसंल," आबा म्हणाले.

"सहीचं मी बघते. तुमी कुणी बोलू नका," अक्का म्हणाली.

लग्नात मावशीने भर मांडवात विचारले, "कॉलेजवाल्या, बहिणीला काय दिलंस रं?" मी "फाईल" म्हणालो. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. खोटे कशाला सांगू, त्या क्षणी मलाही पिंपाची आठवण झाली.

पाचपरतावण्याला अक्का आली तेव्हा तिने फाईल उघडून दाखवली. यादीखाली तिची सही होती आणि शेजारी दाजींची. मी न लिहिलेली एक ओळ तिने शेवटी आपल्या हाताने लिहिली होती: फाईल एक, किंमत 90 रुपये, देणारा धाकटा भाऊ.

उरलेले 1310 रुपये मी तिच्या पासबुकात भरले आहेत. ती बारावीला बसेल की नाही, हे आज मला सांगता येणार नाही. सासरी शेत आहे, म्हशी आहेत, माणसे आहेत. पण परत जाताना एस.टी.च्या खिडकीतून ती एवढेच म्हणाली, "फॉर्मची मुदत कवा हाय ते कॉलेजात इचारून कळीव. इसरू नको."